अप्पांचा गार चहा

७ मे

खाटेवर नुसती चादर वाळत टाकलीय असं वाटलं. चादरीखाली अप्पा होते.

घशाच्या गाठीवर सोलापूरला पस्तीस दिवस लाईट दिली, किरणांची. गाठ गेली म्हणे, पण अप्पापण निम्मे गेले. वजन चव्वेचाळीस. आईला आम्ही अव्वा म्हणतो. ती म्हणाली, ‘डॉक्टरनं सांगितलंय, अजून दोन किलो उतरलं तर नाकातनं नळी घालायची. गार, पातळ, मऊ, जे जाईल ते द्या. पण तोंडच उघडत न्हाईत.’

लाईट चालू होती तेव्हा मी गोव्यात होतो. फोन पाण्यात पडला असं सांगितलंय घरी. पडला नव्हता. मी उचलत नव्हतो.

अकरा तारखेला माझ्या दोस्ताचा, सोमेशचा ट्रक हायवेनं गांधीधामला जाणार आहे. मला क्लीनर म्हणून नेतो म्हणालाय. मिठाची शेतं असतात तिकडं, पांढरीशुभ्र, मैलभर! चार दिवस इथं, मग तिकडं.

८ मे

अप्पांनी तीस वर्षं या हायवेवर चहा विकला. दिवसाला पंधरा कप स्वतः प्यायचे. आज अव्वाच्या हातातली बशी बघून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. गरम घोट घशाला सुरीसारखा लागतो.

मग मला हैदराबादचं ते दुकान आठवलं. दोन महिने तिथं ग्लास विसळले होते. ग्रीन टी, बर्फ, साय, सगळं मिक्सरमधे घालून फिरवायचे, वर फेस यायचा. पोरी फोटो काढत बसायच्या आणि फेस बसून जायचा. त्यातली एक रोज यायची, तिच्या बोटात — जाऊ दे, ते वेगळं.

मेडिकलमधनं ग्रीन टी आणला. अप्पांच्या हॉटेलातल्या पातेल्यात टाकला आणि अप्पांसारख्याच तीन उकळ्या दिल्या. कडू विष! अव्वानं मोरीत ओतला.

खाटेवरनं आवाज आला. खरखर. आधी वाटलं ठसका लागला. अप्पा हसत होते.

‘पाला हाय तो, गड्या. पाल्याला उकळी देतेत व्हय? पाणी उतरव, मग टाक, झाक. शंभर मोज आणि गाळ.’

आल्यापासून पहिल्यांदा बोलले माझ्याशी.

९ मे

आपल्याकडं फ्रिज न्हाय. उकळून निवलेलं पाणी वाट्यांत घालून शेजारी जगदेवीकाकूंकडं ठेवलं. काकू दारातच म्हणाल्या, ‘आले का पाहुणे? मुक्काम किती?’

‘चारच दिवस, काकू.’

‘एवढे? सांभाळा हं, पायाला मुळं फुटतील.’

बर्फ फडक्यात बांधून बत्त्यानं फोडला. गाळलेला चहा, भिजवलेले काजू, साय, साखर, वेलदोडा. मिक्सर फिरवणार तेवढ्यात वीज गेली. दीड तासानं आली. बर्फाचं पाणी! परत काकूंकडं. परत टोमणा.

अप्पांनी ग्लास उन्हाकडं धरून रंग बघितला. ‘काय काय टाकलंस?’ सगळं सांगितलं. दोन घोट घेतले आणि ‘साकु’ म्हणाले. बास झालं की कानडीत म्हणतात तसं. मग म्हणाले, ‘वेलदोडा जरा जास्त झालाय. उद्या परत कर.’

१० मे

समोर हायवेवर कांद्याचा ट्रक उलटला होता, क्रेननं उचलत होते. काकूंकडनं बर्फ घेऊन येताना बघत उभा राहिलो. घरी पोचलो तर वाटीत पाणी, अंगावर कांद्याचा वास. अव्वानं तोंडावर पदर घेतला. हसत होती की रडत होती, कळलं न्हाय. वाट्या परत लावल्या. संध्याकाळी केला. अर्धा ग्लास गेला!

‘पानं जास्त वेळ भिजली. उद्या परत कर.’

११ मे

सोमेशनं घरासमोर हॉर्न वाजवला. बॅग भरलेली होती. अप्पा म्हणाले, ‘आज साय वर आली बघ. मिळून आलं न्हाय. उद्या परत कर.’

मला राग आला. चहा माझा आहे की त्यांच्या हॉटेलातला? एकदा तरी बरोबर करून दाखवल्याशिवाय कसं जायचं? सोमेशला म्हणालो, तू जा. तो म्हणाला, ‘एकवीसला परत फेरी हाय. तवा न्हाय आलास तर दुसरा बघतो.’

१४ मे

पूर्ण ग्लास! साकु म्हणाले न्हाईत. चूक मात्र काढलीच — ‘बर्फ भरड राहिला.’

१५ मे

किराण्याच्या काट्यावर अप्पांना उभं केलं. साडेपंचेचाळीस. काटेवाला म्हणाला, ‘बंडप्पा, हॉटेल कधी उघडता?’ अप्पा माझ्याकडं बोट करून म्हणाले, ‘नवीन कारागीर कच्चा हाय अजून.’

येताना सावलीसावलीनं चाललो. माझा दंड धरला होता त्यांनी. हात लई हलका.

१८ मे

साखरेचा डबा उघडला आणि काकूंच्या पत्र्यावर वानरं आली. बारा तरी असतील. एकीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. बघत बसलो. परत आलो, मिक्सर फिरवला, ग्लास दिला.

अप्पांनी विचारलं, काय काय टाकलं. रोजचंच सांगितलं. सगळा प्यायले, ओठ पुसले. ‘आज साखर जास्त पडली. उद्या हात आखड.’

भांड्यात उरलेला मी प्यायलो. साखर नव्हतीच. चमचा डब्यात तसाच भरलेला होता.

अव्वा मागं तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं. वर न बघता म्हणाली, ‘चव गेलीय त्यांची. लाईट दिल्यापास्नं. गोड म्हण, खारट म्हण, सगळी माती. येईल म्हणतेत डॉक्टर, कधी ते सांगत न्हाईत.’

‘मग रोज चूक काढतेत ती?’

‘न्हाय काढली तर थांबला असतास का तू?’

तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसलो. एकपण खडा सापडला न्हाय मला. डोळ्यांना दिसतच नव्हतं.

२० मे

काही लिहावंसं वाटत न्हाय. साखर मात्र दोनदा बघून टाकली. चाखूनपण बघितली.

अप्पा म्हणाले, ‘ठीक हाय.’ चूक काढली न्हाय. मला कळलंय हे अव्वानं सांगितलं असणार त्यांना.

२१ मे

सोमेशचा हॉर्न वाजला. अप्पांनी ग्लास रिकामा करून खाली ठेवला. आज काय काय टाकलं ते विचारलंच न्हाय.

‘आज जमलं बघ. चूक न्हाय. जा आता, खोळंबलाय तो.’

मी भांड्याला बोट लावून चाखलं. झकास झाला होता.

‘न्हाय अप्पा,’ म्हणालो, ‘साखर कमी पडली. उद्या परत करतो.’