चॉकलेटी कोटाची टेस्ट

४ नोव्हेंबर
मी सांगतेय, सून लिहितेय. मला अक्षर येत नाही. ज्यांना येतं त्यांनी काय दिवे लावलेत? काल पहाटे ब्रेडच्या कारखान्यात ड्यूटीला जाताना हिच्या सायकलला व्हॅन घासून गेली. गुडघा सोलवटला. ड्रायव्हर म्हणाला, अंधारात दिसलाच नाहीत. दिसणार कशी? काडीसारखी बाई, त्यात काळा स्वेटर. (हेही लिही. फुरंगटू नकोस.)
संकल्प: लांबून दिसेल असा कोट मी स्वतः निवडणार. आणि कुणावर हात उचलायचा नाही. तशी मी उचलतच नाही.

५ नोव्हेंबर
विहीणबाई आल्या, लेकीचा गुडघा बघायला. मुक्काम किती ते सांगत नाहीत. दुकानातही आल्या, न बोलावता. दुकानदाराने पिवळंजर्द, बिनबाह्यांचं, चकाकत्या पट्ट्यांचं काहीतरी काढलं. विहीणबाई म्हणाल्या, ही बंडी छान. मी म्हटलं, आमच्याकडे बंडी आत घालतात, हे जाकीट. त्या म्हणाल्या, आमच्याकडे वरून घालतात, आणि सदऱ्याला अंगी म्हणतात, काय करणार आहात?
मी काही केलं नाही. छत्रीचं टोक त्यांच्या अंगठ्यावर ठेवलं, इतकंच. मग थोडी टेकले. दुकानदार मध्ये पडला, भांडू नका आजी, वेस्ट म्हणा. त्याला हँगर लागला. हँगर माझ्या हातात होता हा योगायोग.
शेवटी त्यांनी पिवळी घेतली, मी चॉकलेटी कोट. मळखाऊ, भरपूर बाह्या, घरंदाज.

६ नोव्हेंबर
सून म्हणते, पिवळंच घालते. मी म्हटलं, वाद नको, टेस्ट घेऊ. उद्या दिवेलागणीला एकीने कपडा घालून अंगणात उभं राहायचं, दुसरीने फाटकातून बटाटे मारायचे. दिसलं तर लागेल. लागलं नाही तर दिसत नाही. इतकी साधी गोष्ट कंपनीवाल्यांना सुचू नये?

७ नोव्हेंबर, जेवण झाल्यावर
टेस्ट झाली. आधी विहीणबाई पिवळ्यात. टोपलीभर बटाटे मारले, एकही लागला नाही. शेजाऱ्यांची काच गेली, कुत्रा लंगडतोय. माझ्या मोतीबिंदूचा काही संबंध नाही, डॉक्टरला बोलायचे पैसे मिळतात. पिवळं नापास!
मग मी चॉकलेटीत. पहिला बटाटा खांद्यावर, दुसरा बरगडीत, तिसरा कपाळावर. रक्त आलं. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. चॉकलेटी शंभर टक्के पास!
सून म्हणते, आई, तुम्ही सारख्या शिव्या घालत होतात, माझ्या आईने आवाजावर नेम धरला. काहीतरीच. घालत होते, पण हळू.
विहीणबाईंनी निकाल मानला नाही. म्हणून मी त्यांचा अंबाडा धरला, त्यांनी माझा कान. मुलाने बादलीभर पाणी ओतून आम्हाला सोडवलं, भांडणाऱ्या मांजरांसारखं. त्या गडबडीत पिवळं जाकीट टर्रकन उभं फाटलं. मी ते उरलेल्या दातांत धरलं होतं, सांभाळायला.

९ नोव्हेंबर, दवाखाना
आज विहीणबाई लिहितायत. सुनेचा उजवा हात मोडलाय, दोन ठिकाणी.
काल पहाटे ती चॉकलेटी घालून निघाली. दुसरं उरलंच नव्हतं. मी फाटकात उभी होते. चार पावलांवर दिसेनाशी झाली. मला वाटलं, धुकं असेल. मग वळणावरून ब्रेकचा आवाज आला. पोचले तर धुकं कुठेच नव्हतं.
ट्रकवाला रस्त्यात बसून रडत होता, त्या दिसल्याच नाहीत म्हणत होता. मी काठी उगारली. तो म्हणाला, मारा आजी. काठी वरच राहिली.
विहीणबाईंना म्हटलं, लिहा, चूक ट्रकवाल्याची. त्यांनी पेन खाली ठेवलं, मागची पानं वाचत बसल्या. सगळी वाचली. मी म्हटलं, बरं, नका लिहू ते वाक्य.
दुपारी सून नीट बोलायला लागली. म्हणाली, हात जुळला की मी सायकलनेच कामावर जाणार. कपडा मी निवडणार. आणि आई, तुम्ही दुकानात यायचं नाही.
मी हो म्हटलं.
विहीणबाई म्हणाल्या, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.
पुन्हा सांगितलं.