आल्डवालच्या ग्रंथालयासाठी मी काय काय केलं

३ जानेवारी, बुधवार. सकाळी ९.
बातमी पक्की. गावातली बंद पडलेली दूध डेअरी पाडायची नाही, तिचंच नवं ग्रंथालय करायचं. १ जूनला उद्घाटन. शाळेच्या व्यायामशाळेमागच्या दोन कोंदट खोल्यांतून आल्डवालची पुस्तकं अखेर बाहेर पडणार.

काल सभेत आमच्या ग्रंथपाल निन्केने सगळा प्लॅन सांगितला. आतली लांब भिंत गावातल्या चित्रकारांसाठी. शनिवारी मुलांना गोष्टी. मोठ्यांसाठी वाचकमंडळ. स्वयंसेवक हवेत, म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. फ्राउक्येचं म्हणणं, ती घड्याळाकडे बघत होती. घड्याळ माझ्या डोक्यावर होतं हे खरं. पण बघण्याबघण्यात फरक असतो. तो बायकोला कळत नाही.

चौतीस वर्षं मी या गावाला गाडी चालवायला शिकवली. निन्केलासुद्धा. तीनदा नापास झाली, चौथ्यांदा माझ्यामुळे पास. आता निवृत्तीनंतर गावाला वाचायला शिकवायचं.

संकल्प:
लांब भिंतीसाठी सहा मीटरचं चित्र. विषय ‘पाणी आणि माणूस’.
वाचकमंडळ मी चालवणार.
उद्घाटनाचं भाषण. अजून कोणी सांगितलेलं नाही, पण ऐन वेळी सांगितलं तर धावपळ नको.

फ्राउक्येला वाचून दाखवलं. म्हणाली, “सहा मीटर? आपली शेड चार मीटरची आहे, डाऊवे.”
एकेचाळीस वर्षं संसार केला, पण ही बाई तपशिलाच्या बाहेर पडली नाही.

१४ जानेवारी, रविवार.
शेडचा प्रश्न सुटला. भावाच्या जुन्या होडीचं शीड मिळालं. जाड, भक्कम. आधी अर्धं गुंडाळून ठेवायचं आणि उरलेलं रंगवायचं. मग उलट.

मंडळासाठी पुस्तक निवडलं. जुनी, नावाजलेली कादंबरी, सातशे बारा पानं. लोकांना आव्हान आवडतं. मी रोज पंचवीस पानं वाचून महिन्याभरात संपवणार. आज अकरा झाली. त्यातली सहा प्रस्तावनेची, पण प्रस्तावना हाच अवघड भाग असतो.

फ्राउक्येने पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, जरा हसली आणि सूपसाठी वाटाणे भिजत घालायला गेली. तिचं जग वेगळं आहे. मी दोष देत नाही.

१७ जानेवारी, बुधवार. दुपारी १.
मंडळाची पहिली बैठक, जुन्या खोलीत, साडेदहाला. आठ जण! प्रत्येकाला कॉफी आणि एक बिस्कीट. शूर्दने दोन घेतली. शूर्दकडे आयुष्यभर गाई होत्या. आता गाई विकल्यात आणि रविवारी गाईंची चित्रं काढतो. माणूस साधा.

मी दीड तास बोललो. कादंबरी म्हणजे क्लच, एकदम सोडला तर गचका बसतो, असं सुरू केलं. सगळे गप्प. विषय भिडला होता. शेवटी रेन्स्केबाईंनी (पोस्टमास्तर वारले, त्यांच्या पत्नी) विचारलं, “पण डाऊवे, तो माणूस घर सोडून जातो, ते का?”
मी म्हणालो, याचं उत्तर पुढे येईल.
येतं का ते बघायला हवं.

३१ जानेवारी, बुधवार.
चार जण. थंडी फार आहे. रेन्स्केबाईंनी तोच प्रश्न पुन्हा काढला. मी सांगितलं की लेखकाने ते मुद्दाम संदिग्ध ठेवलंय. शूर्द म्हणाला, “संदिग्ध कुठंय? चाळिसाव्या पानावर सरळ लिहिलंय की. बापाशी भांडण झालं म्हणून.”
मी हसलो. अशा वेळी अनुभवी माणूस हसतो.
आता चाळिसाव्या पानापर्यंत तरी पोचावंच म्हणतो. चित्राच्या कामामुळे अडतंय.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
गेल्या बुधवारी दोघंच. त्यातल्या एकाच्या घरचा हीटर बिघडला होता. आज कोणीच नाही. साडेदहापासून बारापर्यंत थांबलो. सोळा बिस्किटं परत आणली.

घरी येताना विचार केला आणि उलगडा झाला. चांगला शिक्षक कोणता? जो एक दिवस गाडीत नसतो तो. माझे वाचक आता आपापले वाचतात. मंडळाचा हेतू साध्य झाला, तोही चार आठवड्यांत. निन्केला तसं लेखी कळवलं. तिचं उत्तर आलं, “समजलं.” मोजकं बोलते. माझ्याकडूनच शिकली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४:३०.
दर गुरुवारी मी रंग आणायला लेउवार्डनला जातो. आज परत आलो तर ओट्यावर आठ कप धुवून उपडे घातलेले. साखरेचा पाव अख्खा संपलेला. फ्राउक्येला विचारलं, “कोण आलं होतं?”
म्हणाली, “आले होते चार लोक.”
थट्टा असणार. आपल्याकडे कोणी येत नाही. मुलगी ग्रोनिंगनला, ती नाताळला येते. म्हणजे आठ कप कॉफी आणि एक पाव! या वयात. तिच्या तब्येतीकडे बघायला हवं. शिवाय कुंपण कोणीतरी सायकली टेकवून वाकवलंय.

२ मार्च, शनिवार.
मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याची पाळी माझी. पुस्तक बदकाच्या पिल्लांचं. बदक पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडतं, इतकीच गोष्ट. इतक्या चांगल्या विषयाचं लेखकाने काहीच केलेलं नाही. मी भर घातली. ओल्या रस्त्यावर ताशी ऐंशीने येणारी गाडी ब्रेक लावल्यावर किती अंतरात थांबते, ते फळ्यावर काढून दाखवलं.

यिल्दाऊ नावाची चार वर्षांची मुलगी पुढेच बसली होती. तिने विचारलं, “मग बदक मेलं?”
मी खरं ते सांगितलं. म्हटलं, वेगावर अवलंबून आहे.
ती रडायला लागली, मग बाकीची. मुलांवर गोष्टीचा इतका परिणाम मी तरी पाहिला नव्हता. निन्के धावत आली. नंतर बाजूला घेऊन म्हणाली, “डाऊवे, पुढचे शनिवार तुम्ही जरा विश्रांती घ्या.”
माझी इतकी काळजी दुसरं कोणी करत नाही.

२१ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.
रंगाचं दुकान आज बंद होतं. पावणेतीनलाच घरी आलो.

कुंपणाला सात सायकली.

स्वयंपाकघरात माझं वाचकमंडळ बसलेलं. रेन्स्केबाई, शूर्द, हीटरवाला, सगळे. निन्केसुद्धा. टेबलाच्या टोकाला फ्राउक्ये, चष्मा नाकावर, हातात तीच कादंबरी. ती मोठ्याने वाचत होती आणि शूर्द, जो कशालाच हसत नाही, तो हसून हसून डोळे पुसत होता.

मला बघून सगळे थांबले. शूर्दने हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. फ्राउक्ये म्हणाली, “ये, बस ना. खुर्ची घे.”
मी म्हणालो, स्क्रूड्रायव्हर न्यायला आलोय.
ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि शेडमध्ये गेलो. शेडमध्ये तीन स्क्रूड्रायव्हर आहेत. पाच वाजेपर्यंत तिथेच बसलो. चित्राचं काम पुष्कळ होतं. केलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार.
न्याहारीला विषय मीच काढला. म्हटलं, माझ्या पाठीमागे मंडळ चालवायचं हे बरं नाही. विशेषतः ज्याने ते पुस्तक वाचलेलं नाही त्याने.
ती पावाला लोणी लावत होती. म्हणाली, “तीनदा वाचलंय मी.”
कधी?
“तू संध्याकाळचे क्लास घ्यायचास तेव्हा. मुलगी झोपली की वाचत बसायचे. तुझी गाडी वळली की मिटून ठेवायचे.”
मला कधी बोलली नाहीस, म्हटलं.
“तू कधी विचारलंस?”
मग तिने लोणी लावलेला पाव माझ्या ताटलीत ठेवला आणि अंगणात गेली.

चौतीस वर्षं, आठवड्यातल्या चार संध्याकाळी. हिशेब करायला घेतला, मग सोडून दिला.

संध्याकाळी जरा वेगळा विचार सुचला. पुस्तक मी निवडलं. माणसं मी जमवली. म्हणजे पाया माझाच. तिने फक्त स्टिअरिंग धरलंय. असं बघितलं की बरं वाटतं. दहाएक मिनिटं तरी वाटलं.

९ एप्रिल, मंगळवार.
चित्र पूर्ण! शीड पहिल्यांदाच अख्खं उघडलं, चर्चमागच्या गवतावर. बघायला निन्के आली, शूर्द आला, फ्राउक्ये आली.

अडचण एकच. दोन अर्धे वेगवेगळे रंगवल्यामुळे मधे जोड येतो तिथे डावीकडचं पाणी उजवीकडच्या पाण्यापेक्षा हातभर वर आहे. होडीचं नाक एका पातळीवर, शेपूट दुसऱ्या. शूर्द बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “डाऊवे, हे बांध फुटल्यावरचं आहे का?”
मी म्हणालो, हो.
समुद्रपातळीच्या खाली राहणाऱ्या माणसांना हे चित्र कळायला हवं. निन्केला मी सगळा अर्थ समजावला. ती म्हणाली, “कमिटीला दाखवते. जिथे सगळ्यात जास्त लोक येतील अशी जागा शोधू.”
सगळ्यात जास्त लोक! लांब भिंतीचं तिने नाव घेतलं नाही, पण दुसरी जागा कुठली असणार?

शूर्दने एक गाय काढून दिलीय म्हणे. ट्रेएवढी.

१६ मे, गुरुवार.
निन्केचा फोन. भाषणाचे सहा कागद हातात घेऊनच बसलो. ती म्हणाली की उद्घाटनाला भाषण ठेवलेलं नाही, वाचन ठेवलंय. कोण वाचणार ते सांगेना. माझ्यावर पार्किंगची जबाबदारी. “बाहेर शिस्त हवी, ती तुमच्याशिवाय कोण लावणार?”
खरं आहे. पाहुण्याला सगळ्यात आधी भेटतो तो पार्किंगवाला. एका अर्थी उद्घाटन तिथेच होतं.
भाषण जॅकेटच्या खिशात असू द्यावं. वाचणारा ऐन वेळी आजारी पडू शकतो.

१ जून, शनिवार. संध्याकाळी ५.
सकाळी साडेनऊपासून पिवळं जॅकेट घालून उभा होतो. चाळीस गाड्यांच्या रेघा कालच आखल्या होत्या. गाव सायकलींवर आलं. दीडशे तरी सायकली असतील, मिळेल त्या भिंतीला टेकवलेल्या. गाड्या तीन. तिन्ही नीट लागल्या. मेयरबाईंना मी दोनदा मागे घ्यायला लावलं.

मग आत कार्यक्रम सुरू झाला आणि बाहेर मी एकटा. डेअरीची पुढची भिंत आता सगळी काचेची आहे. काचेतून बघितलं तर माइकपुढे फ्राउक्ये उभी. निळा ड्रेस. मला वाटलं होतं ती केक वाटायला लवकर गेली असेल.

काचेतून आवाज येत नाही. नुसते ओठ दिसत होते. लोक हसले. मग थोड्या वेळाने कोणीच हसेना. रेन्स्केबाईंनी रुमाल काढला. मेयरबाई पुढे वाकून ऐकत होत्या. फ्राउक्येने एकदा पान उलटलं आणि न बघताच पुढचं वाक्य म्हटलं. तिला पाठ होतं ते.
मला दार उघडून आत जाता आलं असतं. पण पार्किंग सोडून जाता येत नाही.

सगळं संपल्यावर आत गेलो. लांब भिंतीवर बावीस चित्रं. मधोमध शूर्दची गाय. लोक तिच्यापुढे थांबत होते. गाय चांगली आहे. बघणाऱ्याकडे अशी बघते की आपणच काहीतरी विसरलोय असं वाटतं. माझं चित्र कुठे दिसेना. निन्केला विचारलं. ती हात धरून मुलांच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

जमिनीवर अंथरलं होतं. पंधरावीस मुलं त्यावर बसलेली, एक आडवं पडलेलं. निन्के म्हणाली, “शिडाचं कापड, फाटायची भीती नाही. आणि डाऊवे, धुताही येतं!” फार खूश होती.
मी म्हणालो, माझ्या मनात तेच होतं.

यिल्दाऊ डावीकडे बसली होती. मला ओळखून म्हणाली, “बूट काढा! मी वरच्या पाण्यात बसलेय. तुम्ही खालच्या पाण्यात बसा.”
बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. खालच्या पाण्यात बसलो. कोणी सरबत सांडलं होतं, ते पँटला लागलं.

फ्राउक्ये घरी चालत आली, माझ्याबरोबर. पुलापाशी मी म्हणालो, काचेतून आवाज येत नव्हता. ती म्हणाली, “मला माहीत होतं. तू दिसत होतास.”
 

३ जून, सोमवार. सकाळी ११.
नव्या ग्रंथालयात जाऊन वाचकमंडळात नाव द्यायचं ठरवलं. साधा सभासद म्हणून. निन्के म्हणाली, मंडळ भरलंय, बारा झाले, आता प्रतीक्षायादी आहे. माझा नंबर पाचवा. मी म्हणालो, मंडळ माझी बायको चालवते, नवऱ्याला काही सवलत असेल.
निन्के जरा घुटमळली. म्हणाली, “मी विचारलं त्यांना. त्या म्हणाल्या, राहू दे त्याला रांगेत.”
मग म्हणाली, “पण हसून म्हणाल्या.”

यादीसाठीसुद्धा फॉर्म भरावा लागतो. खिडकीपाशी बसलो. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग एक रकाना, ‘सध्या काय वाचत आहात?’
पेन धरून बराच वेळ बसलो. शेजारच्या टेबलावर दोघं पेपर वाचून उठूनही गेले. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.
लिहिलं, काही नाही.
अक्षर मात्र सुरेख आलं.