बांधावरचं पिवळं गवत

आई, मागच्या वर्षी पाऊस सरता सरता आपल्या खालच्या तळ्यातले मासे मेले. सकाळी पोटं वर करून काठाला लागलेले, आणि पाणी हिरवं, दाट, साय धरल्यासारखं. दादाचा फोन आला तेव्हा मी म्हसळ्याच्या दवाखान्यात ड्यूटीवर होते. तो म्हणाला, "वरच्या बंगलेवाल्यानं कायतरी सोडलंन पान्यात." मला लगेच पटलं. मुंबईचा माणूस, डोंगराच्या पायथ्याशी जागा घेऊन कुंपण घालून बसलेला, येता-जाता कुणाशी बोलत नाही. संशयाला आणखी काय लागतं? सगळा गाव तेच म्हणत होता. पण इतकी वर्षं नर्स म्हणून काढल्यावर मला एक खोड लागली आहे. पेशंटच्या घरातले सगळे एका सुरात एकच कारण सांगायला लागले, की मी दुसरं कारण शोधायला लागते. मी तळ्याचं पाणी बाटलीत भरलं आणि एसटीनं जाऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिलं.

तिथल्या बाईंनी नंतर फोनवर नीट समजावून सांगितलं. तणनाशकाचा अंश सापडला नाही, खताचा मात्र भरपूर सापडला. खत पाण्यात गेलं की शेवाळ माजतं, ते कुजतं, आणि माशांना श्वासाला हवा उरत नाही. त्या रविवारी मी घरी गेले आणि दादाला एवढंच म्हणाले, "पाण्याचा निकाल आला." तो भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "औषध न्हाय ना निघालं?" मी त्याला तणनाशकाच्या फवारणीबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं. "नाही निघालं," मी म्हटलं. तो पुन्हा जेवायला लागला. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

तुझ्या वेळी बांधावर गुडघ्याएवढं गवत असायचं. शाळेत असताना मी एकदा विळा घेऊन अख्खा बांध तासून काढला, तुला बरं वाटेल म्हणून. तू बघितलंस आणि म्हणालीस, "आता उद्यापासनं म्हशीला काय माझं डोस्कं घालू व्हय?" तुला पाण्याचं काही कळत होतं असं मी म्हणत नाही. तुला म्हैस होती, एवढंच. आणि तुला बेणणीचा किती कंटाळा होता तेही मला आठवतं. तू खाचरात वाकून तण उपटते आहेस, पाठीवर इरलं, पायाच्या बोटांत चिखल्या. घरी आल्यावर चुलीपाशी बसून त्यांना कोमट खोबरेल लावते आहेस, आणि त्या तणाला शिव्या घालते आहेस. तेव्हा दुकानात दादासारखी तणनाशकाची बाटली मिळाली असती, तर तूही मारली असतीस का? मला वाटतं, मारली असतीस. आजकाल मला तुझीसुद्धा खात्री वाटत नाही.

यंदा श्रावणात मी घरी असताना मोठी सर आली. मी छत्री घेतली आणि तळ्यापासून ओढ्याच्या कडेनं वर चालत गेले. बंगलेवाल्याच्या कुंपणाखालून येणारं पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. तिथं बांबू आणि गवत दाट माजलेलं. खरं सांगते, त्या नितळ पाण्याचा मला रागच आला. मग परतताना मी आपल्या खाचरांच्या बाजूनं उतरले. बांध पिवळे, जळल्यासारखे. मुळं मेलेली, त्यामुळे माती धरून ठेवायला काही नाही. एका जागी बांध फुटला होता आणि लालभडक पाणी धो धो ओढ्यात पडत होतं. आदल्याच दिवशी दादानं भाताला युरिया टाकला होता. तो डोक्यावर प्लास्टिक घेऊन फावड्यानं भगदाड बुजवत होता.

"हे सगळं तळ्यात जातंय," मी म्हणाले.

"कळतंय मला."

"कधीपासून?"

त्यानं फावडं थांबवलं. "मासं मेलं तवापासनं. पन करू काय? म्हस इकली, गवत कापायचं कुनासाठी? बेणणीला मानूस मिळत न्हाय. पोरं पनवेलला कंपनीत. तुझ्या वहिनीची कंबर गेली. तू येतेस का बेणायला?"

"मग बंगलेवाल्याचं नाव का घेतलंस?"

"तो गावचा न्हाय," दादा म्हणाला, आणि पुन्हा माती ओढायला लागला.

मी छत्री मिटून खाली ठेवली आणि त्याला दगड आणून द्यायला लागले. बांध बुजल्यावर तो म्हणाला, "बांधावर परत मारत न्हाय. खाचरात मारनार, ते आत्ताच सांगून ठेवतो."

तेव्हापासून तो बांधावर गवत राखतो, निदान तसं म्हणतो. मी घरी गेले की माणसांच्या आधी बांध बघून येते. परवा मागच्या बाजूला, घरातून दिसत नाही अशा ठिकाणी, पट्टाभर गवत पिवळं होतं. "ऊन लागलं असंल," तो म्हणाला. असेलही. यंदा मासे मेले नाहीत, पण मरायला तळ्यात उरलेत तरी किती, हे कुणी सांगत नाही. गावात अजून बंगलेवाल्याचंच नाव चालू आहे. मी एकदा चार बायकांत खरं काय ते बोलले, तर धाकटी काकी म्हणाली, "भावावर उलटलीस व्हय गं?" त्यानंतर त्या माझ्यासमोर जपून बोलतात, आणि मीही.

हे लिहिलं ते दादाला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण नको. तुला तर पाठवायला पत्ताच नाही. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, ती तुला सांगते. आपली विहीर त्या तळ्याला लागूनच आहे. मी उन्हातून आले की वहिनी कंबर धरत उठते, पाण्याचा तांब्या माझ्या हातात देते. मी तो तोंडाला लावते, मान मागे टाकते, आणि ती आत वळली की अबोलीच्या वाफ्यात ओतून टाकते.