दुहेरीची वाटी

बाबा,

शाळेच्या व्हॅनची किल्ली शोधत बसू नका, ती माझ्याकडे आहे. आज मुलांना मीच सोडते.

तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा बँकेतून आणलेल्या रोलमधली नाणी बघितली. टांकसाळीच्या चुकीने अक्षरं दोनदा उमटलेलं नाणं वर्षा-दोन वर्षांत एखादं सापडलं तर नशीब, हे तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात. या खेपेला मात्र तुमच्या दुहेरीच्या वाटीत अख्खा रोल आहे. मी एकेक नाणं भिंगाखाली धरलं. सगळ्यांवर अक्षरं एकदाच उमटलीत, अगदी स्वच्छ.

परवा तुम्ही खुशीत म्हणालात, "आता मला भिंगही लागत नाही." तेव्हा मीही हसले. काल व्हॅन फाटकाला घासली, तर तुम्ही फाटकालाच नावं ठेवलीत. तेव्हा नाही हसले.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी आले की लगेच निघू. आईला अजून काही बोललेले नाही.

माझ्यावर ओरडायचं तर जरूर ओरडा. पण त्याआधी वाटीतलं कुठलंही एक नाणं घ्या आणि एक डोळा हाताने झाकून बघा.

धाकटी