थोरला, मधला, धाकटा आणि एक जावई

१ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणाऱ्याने लिहून ठेवावं, नाहीतर श्रेय भलतेच लाटतात.

तर, वाचनालयाचा हॉल जाणार. वॉर्ड ऑफिसला तिथे जुन्या फायली ठेवायच्या आहेत. फायलींना हॉल! हॉल गेला की वाचनालय बंद आणि ग्रंथपाल बाई घरी. सुनावणी ३१ तारखेला. वॉर्डाच्या अधिकारी बाईंनी सांगितलंय, लोक हॉल वापरतात हे दाखवा. सभासदांच्या आठवणी वेबसाइटवर टाका, मी ऑफिसात बसून वाचेन.

समितीत सगळे छताकडे बघत बसले. शेवटी सचिव म्हणून मीच उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, त्यांची सून तयार फुकट साइटवर एका दुपारीत करून देईल. मी ठणकावलं की आपण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणार नाही. उद्या त्या कंपनीने दुकान बंद केलं तर? ओपन सोर्स, म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली मुक्त साधनं वापरू. कोणाच्या बापाची मिंधेगिरी नको. टाळ्या अपेक्षित होत्या. ग्रंथपाल बाईंनी पंखा बंद केला, म्हणजे मीटिंग संपली.

३ ऑगस्ट

दोन गोष्टी लागणार. एक, सगळ्यांना आपापल्या घरून एकाच मजकुरावर लिहिता येईल असा एडिटर. दोन, त्या मजकुराची पानं तयार करून वेबवर ठेवणारं साधन. पानं एकदा बनली की तशीच राहतात, म्हणून त्याला स्टॅटिक म्हणतात. बायको म्हणाली, अगदी तुझ्यासारखी. दुर्लक्ष केलं.

तीन एडिटर निवडले. खरी नावं समितीच्या तोंडात बसणार नाहीत म्हणून थोरला, मधला, धाकटा. पानं बनवणाऱ्याचं नाव जावई. एवढंसं काही करायचं तरी त्याला आधी दहा गोष्टी आणून द्याव्या लागतात.

उद्यापासून तुलना. शास्त्रशुद्ध.

७ ऑगस्ट

थोरल्याला सगळं येतं, पण उठायलाच तास लावतो. धाकटा चपळ, पण पान बंद केलं की काल काय लिहिलं ते विसरतो. मधला बरा. प्रत्येकाला वेगळा रंग, आणि मजकुराच्या बाजूला शेरे लिहायची सोय.

घाईने निर्णय घेणार नाही. गुण द्यायचे निकष आधी ठरवले पाहिजेत. निकष कसे ठरवायचे, यावर टिपण सुरू केलंय.

१० ऑगस्ट

स्वतःचा सर्व्हर उभा केला! जुना लॅपटॉप, चपलांच्या रॅकवर. घरातला तेवढाच प्लग मोकळा होता.

११ ऑगस्ट

तो प्लग इस्त्रीचा निघाला. बायकोने इस्त्री लावली आणि अध्यक्ष चाचणी म्हणून लिहीत होते ते त्यांचं अर्धं बालपण गेलं. त्यांचा फोन आला. मी म्हटलं, मोठ्या कंपन्यांचेही सर्व्हर बसतात. ते म्हणाले, इस्त्रीमुळे नाही बसत.

बायकोशी तहाची बोलणी झाली. इस्त्री आता शेजारच्या वहिनींकडे. वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

१५ ऑगस्ट

मधल्याची निवड. खरं तर बाकीचे दोघे चालायचेच बंद झाले, पण निवड गुणांवरच झाली.

सगळे भराभर लिहायला लागले. अध्यक्ष, ग्रंथपाल बाई, आणि स्वल्पविराम काका. काका आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते, अजून कोणाचंही वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास जात नाही. बायकोनेही काहीतरी लिहिलंय म्हणे. एकूण पंधरावीस जण. शेरे धडाधड पडताहेत. याला म्हणतात सहकार्य.

मी मजकूर वाचत नाही. मजकूर काय, कोणीही लिहितो. मी रचना बघतो. सगळ्यांनी शीर्षकं मनाला येईल तेवढी मोठी करून ठेवलीत. प्रत्येकाखाली शेरा टाकून शिस्त लावली.

२० ऑगस्ट

अध्यक्ष विचारत होते, साइट कुठवर आली? त्यांना तुलनेचा तक्ता दाखवला. तेवीस रकाने. ते म्हणाले, आठवणी कुठे आहेत? या माणसांना पाया दिसत नाही, कळस हवा.

बायको म्हणाली, ग्रंथपाल बाई आज हॉलमध्ये रडत होत्या. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून लगेच बसलो आणि जावयाचा नवा साचा उतरवून घेतला. आधीच्यात अक्षरं फार किरटी होती.

२५ ऑगस्ट

मधला आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत! एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. मध्यस्थ हवा. अध्यक्षांच्या सुनेने निरोप पाठवला, अजून वेळ गेलेली नाही, तयार साइटवर टाकू. नम्रपणे उत्तर दिलं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, याला नम्र म्हणत असशील तर भांडताना काय करतोस?

मध्यस्थ मीच लिहिणार. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण अडलंय कोणाचं?

२९ ऑगस्ट

लिहिला! इंटरनेटच्या फोरमवर लोकांनी टाकलेले प्रोग्रॅमचे तुकडे जोडले, पण जोडणी माझी. बटण दाबलं की मधल्यातलं सगळं जावयाकडे. काहीही गळत नाही. एक अक्षरसुद्धा! तयार साइटवाल्यांनी करून दाखवावं.

साइट सुरू. पहिलं पान उघडून पाहिलं. शीर्षक कसं दिमाखात बसलंय! खाली बारीक अक्षरांत काहीतरी आलंय, पण ते सजावटीचं असेल. अधिकारी बाईंना पत्ता पाठवला. समितीला मुद्दामच नाही पाठवला, सुनावणीत एकदम दिपवून टाकू.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी

काय लिहू?

काहीही गळलं नाही हे खरं. शेरेसुद्धा गळले नाहीत. माझ्या मध्यस्थाने प्रत्येक शेऱ्याची तळटीप केली. आकडा घालून, नावानिशी.

अधिकारी बाई सगळं छापूनच घेऊन आल्या होत्या. मोठ्याने वाचायला लागल्या. अध्यक्षांनी लिहिलंय, मी रोज पहाटे सहाला या हॉलमध्ये येऊन बसत असे. खाली तळटीप, ग्रंथपाल बाई: कुलूप साडेआठला उघडतं. त्याखाली अध्यक्ष: हे काढा. त्याखाली स्वल्पविराम काका: काढू नका, आणि घेतलेली तीन पुस्तकं आणून द्या. अध्यक्ष लाल झाले. ग्रंथपाल बाई खाली बघत होत्या. मी दाराकडे.

पण अधिकारी बाई हसत होत्या. डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, रिकाम्या हॉलवरून माणसं इतकी भांडत नाहीत. फायली दुसरीकडे जातील. हॉल तुमचा!

ग्रंथपाल बाईंनी काकांचा हातच धरला. मी उभा राहून सांगणार होतो, की हे सगळं मुक्त साधनांमुळे झालं. तेवढ्यात अधिकारी बाई म्हणाल्या, एक शेवटचं वाचते, मला हे फार आवडलं.

बायकोचं पान होतं. त्यात काय आहे मला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांना ती शिकायला नको होती, म्हणून ती हॉलमध्ये येऊन अभ्यास करायची. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक मुलगा रोज आपली पिशवी ठेवून जागा धरायचा आणि ती आली की न बोलता उठून जायचा. वर्षभर. तो मुलगा मी. त्या खुर्चीमुळे ती पास झाली. शेवटचं वाक्य होतं: तो अजून मनातलं बोलत नाही, पण मला माहीत आहे.

मग अधिकारी बाईंनी त्याखालची तळटीप वाचली. सचिव: ठीक. शीर्षक लहान करा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बायकोने पर्स उघडली, काहीतरी शोधलं, सापडलं नाही, पर्स मिटली.

१ सप्टेंबर

तिला म्हटलं, मी वाचलंच नव्हतं. ती म्हणाली, ते कळलं. साध्या शब्दांत सांगतो: वाईट झालं.

अर्थात एक बटण दाबायचा अवकाश. तळटीप काढून टाकतो आणि त्या जागी नीट चार ओळी लिहितो. त्या चार ओळींचा कच्चा मसुदा करायला घेतलाय.

४ सप्टेंबर

समितीची मीटिंग. ठराव झाला. साइट आहे तशीच राहील, तळटिपांसकट, एक अक्षर बदलायचं नाही. लोक तळटिपा वाचून हॉलमध्ये येताहेत, नवे सभासद झालेत. पासवर्ड ग्रंथपाल बाईंकडे. मला साइटच्या जबाबदारीतून मुक्त केलं.

मी काकांना बाजूला घेऊन विनवलं, फक्त एक तळटीप. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका खोडणारा माणूस म्हणाला, ही मी खोडणार नाही, ठराव एकमताने झालाय.

एकमताने कसा, मी तिथेच बसलो होतो, असं म्हणून मी तावातावाने इतिवृत्त मागितलं. बाजूने हात वर करणाऱ्यांत माझं नाव आहे. आता आठवतंय. मी त्या वेळी मोबाइलवर एक चौथा एडिटर बघत होतो.