नाव झाकून दिलेले मार्क

मी, शालन महिपती गजभिये, वय ६८, संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार शनिवार पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही शंका असल्यास मला एखादा भागाकार घालून पाहावा.

१. राहता फ्लॅट रोहन आणि नम्रता या माझ्या मुलांना निम्मा-निम्मा. रोहनने हिंजवडीला स्वतःचे घर घेतले, म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही.

२. बँकेतल्या सर्व ठेवी आमच्या विभागाला. व्याजातून दरवर्षी एका उत्तम शिक्षकाचा सन्मान करावा, पण माझ्याच पद्धतीने. समितीने आधी निकष लिहावेत, मग नाव झाकलेली फाईल उघडावी. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातून साडी, उच्चार, आडनाव आणि 'आईसारख्या प्रेमळ' हे सगळे खोडावे. (पुरुषांना कोणी वडिलांसारखे म्हटल्याचे मला आठवत नाही.) प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता मार्क द्यावेत.

कारण सांगते. १९९३ साली बढतीच्या मुलाखतीत मी भंडाऱ्याच्या सवयीने 'पानी' म्हणाले. समितीत बसलेले आमच्याच विभागातले प्रा. श्रीनिवासराव हसले. "बाई, विषय पक्का आहे हो तुमचा. पण 'ण' गावीच राहिला वाटतं?"

"सर, गणित 'न'मध्येही सुटतं," मी म्हटले. बढती गेली. आजही झोंबते.

पुढे मी विभागप्रमुख झाले आणि उत्तम शिक्षक निवडायला ही पद्धत आणली. पहिल्याच वर्षी झाकलेले नाव उघडले, तर पहिले कोण? श्रीनिवासराव! मी निकालावर सही केली. पीएच.डी.पेक्षा मला त्या सहीचा अभिमान आहे.

३. माझे हाताने फिरवायचे गणनयंत्र श्रीनिवासरावांना. खडखडते फार, पण उत्तर बरोबर देते.

४. नम्रता त्याच विभागात शिकवते. तिने सन्मानासाठी अर्ज केल्यास, माझी मुलगी म्हणून एक मार्क वाढवू नये आणि एक कापूही नये. लोक दोन्ही करतात.

नम्रता, "आई, मी बरी शिकवते का गं?" असे तू विचारलेस, तेव्हा मी विषय बदलला. तुला मार्क देताना माझा हात सरळ राहिला नसता. आता लिहून ठेवते: व्हरांड्यात उभी राहून मी तुझा अख्खा तास ऐकला आहे. तू माझ्यापेक्षा चांगली शिकवतेस, पोरी.

नम्रतासाठी लिहिलेल्या या शेवटच्या ओळी समितीला दाखवू नयेत.

पुणे, १९ जुलै २००८
सही: शालन म. गजभिये

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. डॉ. सुदर्शन आगाशे, कसबा पेठ
२. शैला पोपट वाघमारे, शनिवार पेठ