पाचला हात धुणारी

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, पदवीधर, अविवाहित, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी भरीस घातले म्हणून मी हे लिहीत नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाच्याला. मुलगा प्रेमळ आहे. रोज आठपर्यंत कारखान्यात बसतो आणि "मावशी, मी अजून आहे बरं का!" असे दोनदा ऐकवतो. कारखानाही त्यालाच मिळणार असे सगळे धरून चालले आहेत. तो त्याला मिळणार नाही. पुढचे वाचल्याशिवाय त्याने भांडायला उठू नये.

२. कारखाना, साचे, पॉलिशचे यंत्र आणि दारावरची पाटी, माझ्याकडे बावीस वर्षे मेणात दात बसवणाऱ्या बाईला. तिला सगळे पाचवाली म्हणतात, कारण पाचच्या ठोक्याला ती हात धुते. चारनंतर नवा साचा घेत नाही. अर्धवट मेण रात्रभर राहिले की दात सरकतात, असे तिचे म्हणणे.

तिचा मला राग होता, हे लपवत नाही. तरुणपणी एका दंतवैद्याकडे अकरा वर्षे मीच दिवे मालवून घरी जात असे. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझे नाव चुकवले. तरीही मी पाचवालीला लेखी समज दिली: 'कामाविषयी आस्था कमी.' तिने त्याच कागदाच्या मागे लिहिले, 'माझी परत आलेली एक कवळी दाखवा.' मी परतीची वही चाळली. तिची एकही नव्हती. भाच्याच्या पुष्कळ होत्या, आणि बहुतेक पाचनंतर केलेल्या. मी वही मिटली, पण समज मागे घेतली नाही.

३. गेल्या वर्षी माझे उरलेसुरले दात काढावे लागले. सव्वाचारला मी तिच्या टेबलाशी गेले.

"आज थांब. माझीच कवळी आहे."

"उद्या नऊला घेते, बाई."

"अगं, मालकीण आहे मी इथली!"

"म्हणूनच. मालकिणीच्या तोंडात घाईचं काम बसवू का?"

पाचला ती गेली. भाच्याने त्याच संध्याकाळी मोठ्या मायेने कवळी करून दिली. ती हिरडीला अशी टोचली की मी दोन दिवस दुधावर काढले. तिसऱ्या दिवशी नऊला मान खाली घालून पाचवालीसमोर बसले. तिने टोमणा मारला नाही. मापे नव्याने घेतली, आणि कवळी तयार झाल्यावर चारदा तोंड उघडायला लावले. आज मी सफरचंद न चिरता खाते.

नोकरीत मालकाला आपले किती द्यायचे, हे पदवी घेऊनही मला कळले नाही. तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नऊ ते पाच तिची मान कामावरून हललेली मी पाहिली नाही.

४. मालकीण झाल्यावर तरी तिने उशिरापर्यंत थांबावे, अशी अट मी आधी इथे घातली होती. मग आडून विचारले, "तुझा स्वतःचा कारखाना असता तर?"

"तरी पाचलाच गेले असते. नजर पाचला थकते, बाई. तिला मालक कोण ते कळत नाही."

अट खोडली आहे. खाडाखोड माझीच, शेजारी सही आहे. भाच्याने हवे तर तिच्या हाताखाली शिकावे, तिने घेतले तर.

५. ती लेखी समज माझ्या खणात आहे. तिच्या उत्तराखाली मी 'चूक माझी' असे लिहिले आहे. कागद तिच्या हातात द्यावा.

६. माझा अंत्यविधी साडेपाचला ठेवावा. कामाच्या वेळेत ती येणार नाही, येऊही नये. पाचनंतरचा तिचा वेळ मी बावीस वर्षे हक्काने मागितला. तो माझा नव्हता. त्यातला अर्धा तास तिने मला द्यावा, ही विनंती. तिच्या बाबतीत हा शब्द मी प्रथमच लिहीत आहे.

साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर सही करणारे:
१. शेजारच्या दुकानातली शिंपीण (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

लिहून ठेवणार: मालकीण (सही)
ठिकाण: कारखाना, खिडकीजवळचे टेबल
तारीख: ९ मार्च
वेळ: पाचला दहा कमी. आतला नळ अजून वाजलेला नाही.